मालवणात नागपूरचे घड्याळ चालत नाही

प्रश्न : आम्ही नागपूरला प्रतापनगर भागात राहतो. मी शिक्षिका होते, यजमान सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. मुलगा बँकेत असून दोन वर्षांपासून मालवणला असतो. सून मूळची कणकवलीकडची आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ‘नागपूरच्या उन्हातून सुटका करून घ्या’ म्हणून त्यांनी आम्हाला महिनाभर बोलावले आणि आम्ही बाराव्या दिवशी परतलो. पारा तेहतीस-चौतिसाच्या पुढे गेला नाही, पण घाम काही थांबला नाही. मुलाने आमच्यासाठी खास कूलर आणला, त्याचाही उपयोग झाला नाही. जेवणात रोज भात आणि नारळ; घरून नेलेला काळा मसाला मी आमटीत ‘चवीपुरता’ वरून घालत होते. मला माशाचे काटे काढता येत नाहीत, यजमान शाकाहारी आहेत, आणि ज्या खानावळीचे नाव सगळे घेत होते तिथले जेवण आम्हाला मुळीच आवडले नाही. दुपारी गाव बंद असते. सहा दिवसांत सगळे पाहून झाले. सूनबाई काही बोलली नाही, पण तिला वाईट वाटले हे मला कळते. यंदा एप्रिलच्या मध्यापासून दीड महिना बोलावणे आहे. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. तिथला उन्हाळा आनंदात कसा घालवावा?
— एक वाचक, नागपूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मला माझीच फजिती आठवली. माझी थोरली बहीण लग्न होऊन मालवणला गेली, आणि पहिल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे राहायला गेले तेव्हा सकाळी दहाच्या ठोक्याला मी घरभर फिरून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले आणि मोठे काम केल्याच्या समाधानाने बसले. बहिणीच्या सासूबाई माझ्या मागोमाग फिरून एकही शब्द न बोलता त्या खिडक्या पुन्हा उघडत होत्या. तीन दिवस हा खेळ चालला. चौथ्या दिवशी त्यांनी मला पश्चिमेच्या पडवीत बसवले, हातात विळी दिली आणि म्हणाल्या, ‘वारो येता तो घरात घे गो.’ तुमच्या पत्राचे अर्धे उत्तर त्या वाक्यात आहे, म्हणून आधी वाऱ्याचेच सांगते.

आपला उन्हाळा कोरडा आहे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि पंचेचाळिशीची तर आपल्याला दरवर्षीची सवय आहे. पण हवेत ओलावा नसल्यामुळे अंगावरचा घाम येताक्षणी उडून जातो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कूलरचे गणितही तेच आहे. ओल्या वाळ्याच्या ताटीतून कोरडी हवा आत येते, त्या हवेत पाणी मुरते आणि हवा गार होते. किनाऱ्यावरची हवा मात्र आधीच पाण्याने जड असते. तिला आणखी पाणी पिण्याची जागा नसते, त्यामुळे घाम अंगावर तसाच राहतो, आणि बंद खोलीत कूलर लावला तर तो खोलीतला दमटपणा वाढवण्याखेरीज काही करत नाही. चौतीस अंशांत तुम्हाला त्रेचाळिसापेक्षा जास्त त्रास झाला तो या कारणाने. त्यात तुमच्या प्रकृतीचा दोष नाही आणि मालवणचाही नाही. चिरंजीवांनी हौसेने आणलेला कूलर फेकू नका. टाकीत पाणी न भरता, खिडकीकडे पाठ करून तो नुसता पंखा म्हणून चालवला तर चांगला वारा देतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याच्या वेळेची. शाळेत तुम्ही मुलांना खारे वारे आणि मतलई वारे शिकवले असतील. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश तापतो, म्हणून दिवसा वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो आणि रात्री उशिरा तो उलट फिरतो. मालवणात सकाळी दहा-अकराच्या सुमारास खारा वारा सुरू होतो आणि दुपारभर वाहतो. म्हणजे ज्या वेळी आपण नागपुरात दारे-खिडक्या लावून घेतो, नेमक्या त्याच वेळी तिथे पश्चिमेची दारे उघडायची असतात. ऊन आत येत असेल तर झावळ्यांचा किंवा चटईचा पडदा बाहेरून सोडावा, पण वाऱ्याची वाट अडवू नये. दिवेलागणीनंतर वारा पडतो आणि तास-दोन तास पान हलत नाही. दिवसातली सगळ्यांत घामाची वेळ तीच, आणि नागपूरची माणसे नेमकी त्याच वेळी ‘आता ऊन उतरले’ म्हणून बाजाराला निघतात. तुम्ही त्या वेळी आंघोळ करा. दिवसातून दोन आंघोळी, सैल सुती कपडे आणि डोक्यावरून दुपट्टा गुंडाळण्याची सवय बाजूला ठेवणे, एवढे केलेत की निम्मा त्रास कमी होईल. उन्हात जाताना छत्री घ्या.

आता घड्याळाचे. तुम्ही लिहिता की गाव दुपारी बंद असते आणि सहा दिवसांत सगळे पाहून झाले. गाव दुपारी बंद असते कारण त्याचा दिवस पहाटे पाचला सुरू झालेला असतो. जे पाहण्यासारखे आहे ते तुम्ही झोपेत असताना घडून जाते. तेव्हा यंदा घड्याळाबरोबर कालनिर्णयही भिंतीवर टांगा आणि तिथी पाहायची सवय लावा. कोकणात एक जुना ठोकताळा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-साडेअकराच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. मिनिटांचा हिशेब यात बसत नाही, पण फिरायला जाण्यापुरता हा ठोकताळा पुरेसा आहे. यातून काय निघते ते पाहा. पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या आगेमागे पहाटे पाच-साडेपाचला पाणी दूर गेलेले असते, चिवल्याच्या किनाऱ्यावर ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि चालताना पाय रुतत नाहीत. अष्टमीच्या सुमारास मात्र सकाळी सहाला भरती असते आणि चालायला उरते ती वरची भुसभुशीत वाळू, जी आपल्या वयाच्या गुडघ्यांना मानवत नाही. त्या दिवसांत सकाळी बाजारात जावे. समुद्राकडे रोज एकाच वेळी जाऊन ‘आज मजा आली नाही’ म्हणणाऱ्या पाहुण्यांवर माझ्या बहिणीच्या सासूबाई फार हसत.

किनाऱ्यावर रापण लागली असेल तर थांबा. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडून त्याची दोन्ही टोके काठावरून ओढायची, ही रापणीची पद्धत. तिला यंत्र लागत नाही, माणसे लागतात. दोन्ही दोरांवर पंधरा-वीस जण असतात, आणि ओढायला हात लावणाऱ्या परक्यालाही चार मासे देण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणी पाळली जाते. तुम्ही दोर ओढावा असे मी म्हणत नाही. पण यजमान, शाकाहारी असले तरी, ते दृश्य पाहून खूश होतील. शंभर हात लांबवर चाललेले जाळे एका लयीत जवळ येताना पाहणे यात खाण्याचा प्रश्न नाही.

खाण्याच्या बाबतीत मला थोडे स्पष्ट बोलू द्या. तुम्ही पत्रात ओझरता उल्लेख केला आहे की घरून नेलेला काळा मसाला तुम्ही आमटीत ‘चवीपुरता’ वरून घालत होता. सूनबाईंना वाईट वाटले ते मुख्यतः याचे असणार. ती कणकवलीकडची आहे, हे तिच्या माहेरचे जेवण आहे, आणि तिने सकाळी उठून नारळ खवून, भाजून, वाटून केलेल्या कढीत तुम्ही सावजीची आठवण कालवत होता. मीही नागपूरचीच आहे, तर्रीचा थर दिसल्याशिवाय रस्सा झाल्यासारखे मलाही वाटत नाही. पण आपला तिखटपणा तेलावर चढतो आणि तिथला नारळात विरघळतो. पहिल्या घासाला तो गोडसर लागतो, त्यामागे मिरची येते आणि शेवटी कोकमाचे आंबट. तीन-चार दिवस जिभेला वेळ दिला तर ही चढण कळू लागते. तेव्हा यंदा मसाल्याचा डबा नागपुरात ठेवा. सुनेसाठी संत्र्याची बर्फी न्या (ताजी संत्री नेण्याच्या फंदात पडू नका, मृग बहार मार्चपर्यंत संपत आलेला असतो), आणि तुमच्या हातच्या मूगवड्या व सांडग्या मिरच्या न्या, कारण या गोष्टी तिच्या स्वयंपाकात भर घालतात, त्याला दुरुस्त करत नाहीत.

भाषेचाही एक गोंधळ आधीच सांगून ठेवते, नाहीतर पहिल्याच दिवशी घोटाळा होईल. आपण कोथिंबिरीला सांबार म्हणतो. तिथे सांबारे म्हणजे काळ्या वाटाण्याची भाजल्या खोबऱ्याच्या वाटणातली दाट उसळ. ‘थोडा सांबार घाल गं’ असे म्हणालात तर सूनबाई ताटात पळीभर उसळ वाढेल. तसेच वड्यांचे. आपला भरडा वडा आणि तिथला वडा यांचे नावापलीकडे नाते नाही. तो तांदूळ-उडदाच्या पिठाचा, मेथी-धण्यांचा वास असलेला, पुरीसारखा फुगणारा असतो. आणि तिरफळाचा त्रिफळा चूर्णाशी काहीही संबंध नाही, जो मी माझ्या पहिल्या भेटीत ठामपणे जोडला होता. तिरफळ हे बांगड्यासारख्या तेलकट माशाच्या कढीत घालायचे छोटे वाळके फळ आहे. ते कढीला वास देते, पण चावायचे नसते. दाताखाली आले तर जीभ काही वेळ बधिर होते आणि मग पुढच्या जेवणाची चव कळत नाही. ताटात दिसले की बाजूला काढावे.

काट्यांची तुमची अडचण खरी आहे, पण ती वाटते तेवढी मोठी नाही. तुम्ही आयुष्यभर नागपुरात रोहू खाल्ला असेल; भंडारा-गोंदियाकडच्या तलावांतून येणाऱ्या रोहूच्या मांसात जागोजागी दुबेळके बारीक काटे दडलेले असतात. त्याच्याशी झुंजलेल्या माणसाने बांगड्याला घाबरण्याचे कारण नाही. बांगड्याचा मधला काटा एकच, सरळ आणि जाड असतो. माशाच्या पाठीच्या रेषेवरून बोट फिरवले की वरची बाजू सुटते, मग शेपटीकडून काटा उचलावा, तो बहुतेक सगळा एकत्र निघून येतो. सुरुवात सुरमईच्या तुकडीने करा, कारण तिच्यात मधोमध मणका असतो आणि कडेचे काटे डोळ्यांना दिसतात. मग मुडदुशी घ्या, ती इतकी मऊ असते की आजारातून उठलेल्या माणसालाही देतात. नंतर बांगड्याचे तिखले. तारली आणि पेडवे शेवटच्या आठवड्यासाठी ठेवा, आणि कर्लीच्या वाटेला या वर्षी जाऊ नका. तिची चव अप्रतिम आहे, पण तिच्यात काट्यांत मासा आहे की माशात काटे, हे मालवणी माणसालाही विचारून घ्यावे लागते. २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला, त्यामुळे पाहुणे आले की तेच मागतात आणि त्याचा भाव उतरत नाही. घरच्या रोजच्या जेवणात त्याची वाट पाहू नका. ताटात येणारा मासा सूनबाईंना ठरवू द्या, कारण सकाळी पाटीत काय आले ते तिला दिसते.

मासळीच्या बाजारात तिच्याबरोबर एकदा तरी जा. तिथे पुष्कळदा वजनावर नाही, वाट्यावर विक्री होते. वाटा म्हणजे मांडलेला ढीग, आणि भाव ठरल्यावरही वर दोन मासे टाकून घेण्याचा हक्क गिऱ्हाईक बजावते. कल्ले उचलून पाहावेत, ते लालभडक हवेत. डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत. बोटाने दाबलेली जागा लगेच वर यायला हवी. आपण नागपूरच्या महाल भागात भाजी घेताना ज्या आवाजात घासाघीस करतो तो आवाज तिथे चालतो, फक्त मासे विकणाऱ्या बाईंचा आवाज तुमच्यापेक्षा मोठा असेल. सोमवारी आणि गुरुवारी पुष्कळ घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण असते, आणि त्या दिवशी बाजारात गर्दी कमी असते. नवशिक्या गिऱ्हाइकाने शिकायला तोच दिवस चांगला.

त्या खानावळीबद्दल एवढेच म्हणते की मे महिन्यात मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी आणि आपल्यासारख्या पाहुण्यांनी गाव भरलेले असताना कुठल्याही नावाजलेल्या ठिकाणी शंभर थाळ्या एकाच वाटणातून निघतात. मीही एकदा अशाच एका ठिकाणी रांगेत पाऊण तास उभी राहून कालची सोलकढी प्यायले आहे. सोलकढी नारळाच्या दुधाची असते, त्या हवेत ती दुपार ओलांडली की उतरू लागते. ती सकाळी केलेली, दुपारच्या जेवणाबरोबर संपवलेली असावी, आणि ते घरातच जमते.

आता यजमानांचे. ‘कोकणात शाकाहाऱ्याने काय खावे’ हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारते, आणि तो विचारणारे एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या कोणाच्या परसात गेलेले नसतात. वर सांगितलेले काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि आंबोळ्या हा त्यांच्यासाठी पहिला पदार्थ; भाजल्या खोबऱ्यामुळे त्याचा काळपट रस्सा नागपुरी माणसाला आपल्या जवळचा वाटतो. एप्रिलच्या मध्यापर्यंत पोहोचलात तर ओल्या काजूगरांची उसळ अजून मिळेल. ती दोन-तीनदा खाऊन घ्या, कारण काजूगर वाळले की ती चव वर्षभर नाही. कोवळ्या फणसाची भाजी, आठळ्या (फणसाच्या बिया) घातलेली आमटी, नीरफणसाचे काप, कुळथाची पिठी आणि भात, घावणे आणि नारळाची चटणी, गुळाच्या नारळदुधात बुडवलेले शिरवाळे. बरक्या फणसाच्या रसात तांदळाचा रवा भिजवून उकडलेली सांदणे करायला सांगा, आणि रायवळ आंब्यांचे सासव. हे सासव अख्ख्या लहान आंब्यांचे, मोहरी व खोबऱ्याच्या वाटणातले, गोड-आंबट-तिखट असते आणि ते जेवताना कोय चोखावी लागते. निवृत्त अधिकाऱ्याला चारचौघांत कोय चोखायला लाज वाटते हे मी पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी ते स्वतः मागतात. पोळीची सवय सुटत नसेल तर रात्री दोन पोळ्या करून घ्याव्यात, त्यात सूनबाईंचा अपमान नाही. पण दुपारी भातच असू द्या.

सकाळच्या न्याहारीचा माझा आग्रह मात्र पेजेचा आहे. उकड्या तांदळाची, पातळ, कोमट पेज, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास. आपण उन्हाळ्यात पोह्यांवर तर्री घालून दिवस सुरू करतो आणि मग दुपारभर पन्हे पितो. तिथे शेतावर, वाडीत, होडीवर काम करणारी माणसे पेज पिऊन बाहेर पडतात, कारण तिच्यातून पाणी, थोडे मीठ आणि पोटाला आधार एकदमच मिळतो. दमट हवेत घाम दिसतो पण तहान तितकी लागत नाही, आणि नागपूरच्या माणसाला तर ‘ऊन कुठे आहे’ असे वाटून पाणी पिण्याचा विसर पडतो. गेल्या वर्षीचा तुमचा थकवा काही अंशी त्याचा असावा.

रक्तदाबाच्या गोळीबद्दल निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना दोन प्रश्न विचारून घ्या : इतका घाम येत असताना गोळीचे प्रमाण तेच ठेवायचे का, आणि रोज शहाळे प्यायले तर चालेल का. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम पुष्कळ असते आणि रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर ते जपून घ्यावे लागते. पेजेबरोबर लोक भाजलेला सुका बांगडा किंवा खारातली कैरी खातात. दोन्हीत मीठ भरपूर असते, तुम्ही ती चाखण्यापुरतीच घ्या. कोकमाच्या आगळातही, म्हणजे घट्ट रसातही, मीठ घातलेले असते, म्हणून तुमच्या सोलकढीत वरून मीठ नको, आणि आगळाऐवजी भिजवलेल्या सोलांचे (कोकमाच्या वाळवलेल्या सालींचे) पाणी वापरले तर आणखी चांगले.

हे सगळे सांगितले तरी दीड महिना नुसते खाऊन आणि चालून सरत नाही. गेल्या वर्षी तुम्हाला कंटाळा आला, कारण तुम्ही पाहुण्या म्हणून बसून होता, आणि ज्या महिन्यांत तुम्ही बसून होता ते महिने कोकणात सगळ्यांत कामाचे असतात. आपला उन्हाळा दार लावून काढायचा असतो. तिथला उन्हाळा म्हणजे परसाची सुगी, आणि ती पहिला पाऊस पडायच्या आत घरात भरून घ्यायची असते. रतांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकतात, ते फोडून बिया काढायच्या, साल वाळवायची, रसात बुडवून पुन्हा वाळवायची, असे चार-पाच वेळा केले की काळी, लवचीक सोले होतात. साल साखरेत मुरवली की अमृत कोकम. बरक्या फणसाचा रस ताटांवर पसरून फणसपोळी, आंब्याच्या रसाची आंबापोळी. आठळ्या धुऊन मातीत पुरून ठेवायच्या. मासे खारवून वाळवायचे. चैत्र-वैशाखात आपल्या गच्च्यांवर कुरड्या, पापड, सांडगे पसरलेले असतात ना, तसेच तिथले खळे, म्हणजे घरासमोरचे सारवलेले अंगण, भरलेले असते. फरक इतकाच की आपल्याकडे कुरडई दोन दिवसांत कडकडीत होते आणि तिथल्या दमट हवेत फणसपोळीला पाच-सहा दिवस राखण करावी लागते, रोज उलटावी लागते, रात्री आत घ्यावी लागते.

राखण करायला तुम्ही आहातच. तुम्ही चाळीस उन्हाळे वाळवण केलेले आहे. पीठ किती घोटावे, ऊन कधी कमी पडते, कावळा कुठून येतो हे तुम्हाला सांगावे लागणार नाही. सूनबाई नोकरी करत असो वा नसो, एकटीने हा पसारा काढणे तिला जमत नसेल. पहिल्या आठवड्यातच तिला म्हणा की यंदा सोले आणि फणसपोळी आपण घरी करू, तू सांग आणि मी करते. ‘तू सांग’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. फणस फोडताना हाताला आणि विळीला तेल लावा, नाहीतर चीक दोन दिवस निघत नाही. जुनी साडी नेसा, कारण रतांब्याचा डाग जन्मात जात नाही. शेजारच्या बायका मदतीला येतील, आणि मग खळ्यात बसून ज्या गजाली होतील त्यांतल्या निम्म्या तुम्हाला कळणार नाहीत. विचारत राहा. मालवणी बोली आणि आपली वऱ्हाडी-नागपुरी यांत एकाच गोष्टीला किती वेगळे शब्द आहेत, याची एक वहीच होईल, आणि शिक्षिकेला वही भरण्याची गोडी असतेच.

आंब्यांविषयी एकच सूचना. एप्रिलमध्ये हापूस महाग असतो, मे महिन्यात भाव उतरतो, तेव्हा पेटी घ्यायची घाई करू नका. ओळखीच्या बागेतून अर्धवट तयार आंबे आणून घरीच गवतात अढी घाला. आणि कृपा करून त्या रसात दूध घालू नका. ते आपल्या गावरान आंब्याच्या रसाला शोभते.

पाहण्याच्या गोष्टी तुम्ही केल्या आहेत, तरी सिंधुदुर्ग किल्ल्यावर पुन्हा जा, या वेळी सकाळच्या पहिल्या होडीने. आधी किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी थांबा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी किल्ल्याच्या बांधकामाचा मुहूर्त केला तो तिथे. आत गेल्यावर तटावरून धावत फेरी मारण्यापेक्षा दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींपाशी निवांत बसा. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी, हे यजमानांसारख्या चौकस माणसाला अर्धा दिवस पुरते. किल्ल्याची होडीवाहतूक मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पावसाळ्यासाठी बंद होते, म्हणून हे एप्रिलमध्येच उरका. समुद्रात उतरण्याची हौस असेल तर मे महिन्याच्या मध्यापूर्वी, गुडघाभर पाण्यात, आणि तिथल्या कोणा मासेमाराला विचारूनच. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे पाण्याला ओढ फार असते, तो संगम होडीतून पाहावा, पाय घालू नये. गावात कुणाकडे पूजेनिमित्त रात्री दशावतार असेल तर दुपारी झोप काढून जा; तो मध्यरात्रीनंतर रंगतो.

परतीची तारीख मात्र तुम्ही पुढे ढकलावी असे मला वाटते. तुमचा दीड महिना मे अखेरीस संपतो. २५ मे रोजी आपल्याकडे नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो आणि तुम्ही नेमक्या त्या भट्टीत परत याल. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते, पर्यटक गेलेले असतात, चाकरमानी मुंबईला परततात, आणि तळकोकणात पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. नागपूरला यायला त्याला महिन्याचा मध्य उजाडतो. कुडाळहून नागपूरला येणाऱ्या गाडीचे आरक्षण आठवडा-दहा दिवस पुढचे घ्या. तुम्ही राखलेली सोले डब्यात भरलेली असतील, ताजी मासळी नसल्यामुळे सूनबाई सुक्या बांगड्याची किसमूर करील, यजमानांसाठी पिठी-भात होईल, आणि पश्चिमेच्या ज्या खिडक्या तुम्ही दीड महिना उघड्या ठेवल्या त्या एका दुपारी धावत जाऊन लावाव्या लागतील.

तुमची,
सल्लागार ताई
नागपूर